मेलिनाचा डावा डोळा

चवथ उद्यावर, गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी अर्धी बांधलेली, आणि आमचा मावसभाऊ शिडीवर उभा राहून सांगतोय की 'एल्डन रिंग' ह्या व्हिडिओ गेममधली, खेळाडूच्या सोबतीला असणारी मेलिना हीच ग्लोम-आयड क्वीन, म्हणजे गेममध्ये नुसतं नाव ऐकू येणारी ती सांजरंगी डोळ्यांची राणी. पुन्हा! गेम आला फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेव्हापासून हेच दळण. पुरावा? एका शेवटात ती मिटलेला डावा डोळा उघडते. बस्स. गेमचा दिग्दर्शक मियाझाकी, त्याने तलवारी-चिलखतांच्या वर्णनांत दोन-दोन ओळी सोडल्या, त्यावर ह्याचं दोन-दोन तास कीर्तन. राजा राडागॉन म्हणजेच राणी मारिका, दोघं एकच, हे गेमच सांगतो, ते मान्य. (तेही मी पोचायच्या आधी ह्यानेच फोडलं, मेल्याने.) मेलिनाचं उत्तर म्हणे गेमच्या २०२४ च्या विस्तारात (नव्या जोडभागात) मिळणार होतं. नाही मिळालं, तर म्हणे लपवलं, हाच पुरावा! अरे, तो सुपारीचा घोस बांध आधी, हात भरून आला माझा.