मागे कोण बसणार?

पुण्यात जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बाळगणाऱ्याला सल्ल्याची ददात नसते. सिग्नलला गाडी थांबली की शेजारचा स्कूटरवाला, हेल्मेट नसल्यामुळे अगदी स्पष्ट, सांगतो, "काका, मागून बसलीय."

बसली होती खरी. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. मागच्या पाट्यांची कमान पार सपाट झाली, की गाडीचं नाक वर जातं. रात्री माझे हेडलाइट रस्ता सोडून लोकांच्या गॅलऱ्यांत पडायचे आणि दोरीवरचे कपडे काढायला आलेले आजोबा डोळ्यांवर हात धरून कोण आलंय ते बघायचे. त्यातही उजवीकडचे पाटे जास्त बसले होते. गाडी बहुतेक वेळा मी एकटाच चालवतो. या विषयावर घरात चर्चा होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं आणि नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान गाठलं.

काउंटरवरच्या म्हाताऱ्याने वर न बघता विचारलं, "मागे कोण बसणार?"

"घरचेच."

"घरचे म्हणजे किती किलो?"

आता हे कुणाला विचारायचं? मागच्या सीटवरची कायमची मंडळी म्हणजे आत्या आणि मामा. आत्याचं वजन तिच्या लग्नापासून अठ्ठेचाळीस आहे. ते तसंच राहिलंय, काटे बिघडत गेलेत. मामा विचारल्यावर म्हणाले, "मी पुढे बसेन हवं तर." मी काउंटरवर मोघम आकडा सांगितला. म्हाताऱ्याने न बोलता त्यात वाढ केली.

मग माल दाखवणं सुरू झालं. पहिला सेट मुंबईच्या टॅक्सीचा. पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं, पण काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. त्या टॅक्सीच्या सेटमध्ये एक पाटा जादा घातलेला. मागे तीन पॅसेंजर, कॅरियरवर ट्रंका, हे सगळं पेलायला. माझ्या रिकाम्या गाडीला तो लावला असता, तर सोसायट्यांनी स्वखुशीने घातलेल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर मी टपाला भेटून आलो असतो.

"मग जाड पाट्यांचा घ्या," म्हातारा म्हणाला.

मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. म्हटलं, पाट्यांची संख्या दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट.

"आठपट कशाला? ऊस न्यायचाय का कारखान्यावर?"

शेजारी उभा असलेला एक मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेब, जुन्यांनाच कमान मारून देतो. सहा महिने हलणार नाहीत."

"आणि सातव्या महिन्यात?"

"सातव्या महिन्यात या की!"

पोलाद नुसतं तापवून वाकवलं, नीट पाणी दिलं नाही, म्हणजे तापलेलं बुडवून कडक केलं नाही, तर ते पुन्हा बसतं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या धंद्याची कमान त्यावरच उभी होती.

शेवटी साधा कंपनी मापाचा नवा सेट घेतला, दोन्ही बाजूंचा. नवा आणि जुना जोडीला लावले तर गाडी एका अंगाला कलते. बसवताना आमच्या गॅरेजवाल्याने शॅकलचे, म्हणजे पाटे गाडीला टांगणाऱ्या कड्यांचे, बोल्ट सैलच ठेवले, गाडी चाकांवर उतरवली आणि मगच आवळले. हवेत लटकत असताना आवळले, तर रबरी बुश पीळ घेऊन लवकर फाटतात. हा माणूस बिलात काय लिहितो ते मला कधी कळलेलं नाही, पण हात सोन्याचा.

आता गाडी मागून चांगलीच उंच दिसते. "रुळतील," तो म्हणाला. "थोडे दिवस मागे वजन घेऊन फिरवा. मग पाटे धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला आणा."

मी तिथूनच आत्याला फोन लावला. म्हटलं, रविवारी थेऊरला दर्शनाला जाऊ.

आत्या गहिवरली. "ह्यांनाही घेऊ का रे बरोबर?"

"घेच. आणि घरात गव्हाचं पोतं असेल, तर तेही असू दे."