पाच टक्के ही कोल्हापूरची रीत नव्हे

चेहऱ्यावर मुरूम उठले असतील आणि घरातले लग्न बारा दिवसांवर येऊन ठेपले असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा वेडेपणा आपण करू नये. तो ॲडापॅलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लिहून देईल, फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतील असे निर्विकार चेहऱ्याने सांगेल, आणि ती नावे ऐकताच घरातल्या आत्याबाई ‘अगं बाई, केमिकल!’ म्हणून डोळे मोठे करतील. त्यापेक्षा महाद्वार रोडला जाऊन टी ट्री ऑइलची बोटभर बाटली आणावी. तिच्यात टर्पिनेन-४-ऑल असते, पण ते झाडातून आलेले असल्यामुळे आत्याबाईंच्या लेखी केमिकल ठरत नाही. (हे झाड आपल्या चहाचे नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे आहे, तरीही घरातले कोणीतरी चहापूड उकळून गालाला लावून पाहीलच.)

या तेलाला शास्त्राचा अजिबात आधार नाही, असे म्हणणाऱ्यांच्या तोंडी लागू नये, कारण आधार आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत टी ट्री तेलाच्या जेलने मुरूम कमी झाले. बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा गुण उशिरा आला, पण त्रासही कमी झाला. ही चाचणी आपण सर्वांना अभिमानाने सांगावी. त्या जेलमध्ये तेल केवळ ५ टक्के होते, हा तपशील मात्र गाळावा. एक भाग तेल आणि एकोणीस भाग दुसरेच काहीतरी, हे प्रमाण परदेशी लोकांच्या नाजूक प्रकृतीला ठीक आहे. पण ज्या गावात पांढरा रस्सा वाटीने नव्हे तर पातेल्याने संपवला जातो, तिथे ५ टक्के म्हणजे पाहुण्याच्या ताटात अर्धा चमचा रस्सा वाढून ‘पुरे ना?’ असे विचारण्यासारखे आहे. बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध’ असे छापलेले असेल, तर ते शंभरच्या शंभर टक्के गालावर उतरले पाहिजे. त्यानंतर जी आग होते, तिला आतले विष बाहेर पडणे असे म्हणतात. निदान बाटली विकणारा तरी तसेच म्हणतो.

एका तेलावर थांबणे हाही करंटेपणाच होय. दालचिनी आणि लवंग आपल्या मसाल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा त्यांची तेलेही गालाला सोसतील, असा सरळ हिशेब करावा. कांदालसणाची चटणी आपण चेहऱ्याला लावत नाही, हा मुद्दा घरात कोणी काढला तर विषय बदलावा. सालीतून दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून भर उन्हात जोतिबाचा डोंगर चढण्याचा प्रयोग तर आवर्जून करण्यासारखा आहे. त्या तेलातली काही द्रव्ये ऊन लागताच त्वचा भाजून काढतात आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर त्याचे काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात. मुरूम आठवड्याभरात बसला असता. डागाची सोबत दिवाळीपर्यंत पुरते.

बाटली खिडकीत, उन्हात आणि शक्यतो झाकण सैल करून ठेवावी, म्हणजे खोलीभर वास दरवळतो. हवा आणि उजेड लागून तेल जुने झाले की त्यात ॲलर्जी उठवणारी द्रव्ये वाढतात. पण लोणचे मुरते तसे तेलही मुरत असणार, अशी आपली श्रद्धा असावी.

एवढे सारे करूनही चेहरा सुजला, तर शेवटी डॉक्टरांकडे जावे लागेलच. काय लावले होते, असे त्यांनी विचारल्यास ‘काही नाही, नैसर्गिकच’ एवढेच उत्तर द्यावे. बाटली मात्र सोबत नेऊ नये; तिच्या मागच्या बाजूला ‘पातळ केल्याशिवाय त्वचेवर लावू नये’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि डॉक्टर ते वाचतात.