हजार पेरा, लाख कापा? मलाखीच्या नावावर चाललेला हिशेब

सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वरचेवर येतो. शब्द बदलतात, गाभा तोच. गरिबी हा शाप आहे आणि तो वधस्तंभावर संपला. एकूण उत्पन्नाचा दशांश, म्हणजे दहावा भाग, न देणारा देवाला लुटतो. हजार पेरा, लाख कापा. कर्ज असेल तर आधी पेरा, कर्ज देव फेडील. नवं घर, चारचाकी, परदेशातली नोकरी ही कृपेची खूण. आणि एवढं करून काहीच हाती आलं नाही, तर तुमचा विश्वास कमी. प्रत्येक वाक्यापुढे वचनाचा आकडा असतो, त्यामुळे ऐकणारा गप्प बसतो. आकडे बरोबर आहेत. त्या वचनांच्या मागच्यापुढच्या ओळी मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

सुरुवात बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून, ३:१० पासून, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. सगळा दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही पाहा, एवढं मजकुरात येतं. मधला तुकडा गळतो: माझ्या मंदिरात अन्न राहावं म्हणून. हे भांडार म्हणजे धान्याचं कोठार. मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरं यांचा होता. तो मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींना जायचा, कारण जमिनीची वाटणी झाली तेव्हा त्यांच्या वंशाला वतन मिळालं नव्हतं (गणना १८). मिळालेल्यातला दहावा भाग लेवींनी पुढे याजकांना द्यायचा. घेणाऱ्यालाही देणं चुकलेलं नव्हतं. नहेम्या १३ मध्ये दिसतं की हा वाटा थांबला तेव्हा लेवी मंदिराचं काम सोडून पोटासाठी शेतांवर निघून गेले होते. मलाखीचा राग नेमका अशा उपासमारीवर आहे.

अनुवाद १४ तर दशांशाच्या प्रवचनात सहसा उघडलाच जात नाही. तिथे म्हटलंय की दशमांश घरच्यांसह देवापुढे बसून खायचा. ठिकाण लांब असेल तर माल विकावा, पैसे गाठीला बांधून न्यावेत आणि तिथे मनाला येईल ते घ्यावं, बैल, मेंढरं, द्राक्षारससुद्धा, आणि आनंदाने जेवावं. तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा: लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. आज जिच्याकडून दशांश मागितला जातो ती विधवा त्या यादीत घेणाऱ्यांच्या बाजूला आहे.

जनावरांचा नियम आणखी बोलका आहे. काठीखालून जाणारं दहावं जनावर देवाचं (लेवीय २७:३२). आटपाडी-जतकडच्या एखाद्या मेंढपाळाकडे नऊच मेंढरं असली, तर या हिशेबाने त्याच्या कळपातून काहीच निघत नाही. मजुरीवरच्या दशमांशाचा नियमशास्त्रात उल्लेखही नाही. मजुरीबद्दल जी आज्ञा आहे ती मालकाला: सूर्य मावळायच्या आत देऊन टाक (अनुवाद २४:१५). खुद्द मलाखीने पाच वचनं आधी, ३:५ मध्ये, मजुरी अडवणाऱ्याला जादूटोणा करणारे आणि खोटी शपथ वाहणारे यांच्या रांगेत बसवलंय. ऊसतोड टोळीचा हिशेब अडकवून ठेवायचा आणि मंडळीच्या हंगामाच्या सणाला जाड लिफाफा टाकायचा, ही सोय मलाखीत सापडत नाही.

आता ‘एकूण उत्पन्नावर’ हा हट्ट. वाळवा-कराड भागात एक एकर आडसाली ऊस धरू. समजा ४५ टन उतारा आला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये मिळाले; बिल झालं १,३५,००० रुपये. नांगरट, सरी, बेणं, लागण, भांगलण, खतं, पाणीपट्टी मिळून ७५,००० गेले असतील तर उरले ६०,०००, तेही सोळा-अठरा महिन्यांच्या पिकातून. एकूण बिलावरचा दशांश १३,५०० रुपये. उरलेल्या पैशाच्या तो साडेबावीस टक्के होतो. पगारदाराच्या बँकेत पगार जमा होतो तेव्हा त्याने त्यासाठी बेणं-खत घातलेलं नसतं, म्हणून त्याचा हिशेब सरळ. बागायतदार, किराणा दुकानदार, गवंडीकामाचं कंत्राट घेणारा यांनी आधी खर्च वजा करावा, सोसायटीचा हप्ता वेगळा काढावा आणि मग वाटा ठरवावा. बिल हप्त्याहप्त्याने येत असेल तर दानही तसंच द्यावं. आले नाहीत त्या पैशांवर द्यायची घाई नको.

मग दशांश देऊच नये? द्यावा. आपल्याकडे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या महिन्याचा पहिला वाटा बाजूला काढून ठेवतात आणि ती शिस्त चांगलीच आहे. पण प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला माप सांगतो ते असं: ज्याच्याजवळ जसं असेल तसं, नसेल त्याप्रमाणे नव्हे (२ करिंथ ८:१२). आणि कुरकुरत किंवा कुणी भाग पाडलं म्हणून नको (९:७). ‘नाही दिलंत तर शाप’ असं सांगून गोळा केलेले पैसे या दुसऱ्या अटीतच नापास होतात.

‘हजार पेरा, लाख कापा’ हे मार्क १०:३० वरून उचललंय. तिथे शंभरपट मिळणाऱ्या गोष्टींची यादी आहे: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्यांना जोडून छळ. रुपयांचं गणित लावायचं तर शंभर आयांचं काय करायचं तेही सांगावं लागेल, आणि छळही शंभरपट मागून घ्यावा लागेल. ज्यांनी येशूमागे जाण्यासाठी घरदार सोडलं त्यांच्यासाठी मंडळीतली घरं उघडी होतील, असा तो शब्द आहे. नात्यागोत्याने बाहेर काढलेल्या पहिल्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती माणसांना त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागला नसता. त्याच अध्यायात, काही ओळी आधी, एक श्रीमंत माणूस सगळं विकून गरिबांना द्यायला सांगितल्यावर खिन्न होऊन निघून जातो. पैसे ‘बी’ म्हणून पेरायची भाषा विसाव्या शतकात अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी रेडिओ-टीव्हीवरून रुजवली. पौलानेही पेरणीची उपमा वापरली आहे (२ करिंथ ९:६), पण तिथे पीक कशासाठी तेही पुढे लिहिलंय: आणखी देता यावं म्हणून.

सगळ्यात जास्त नुकसान ‘कर्ज असेल तर आधी पेरा’ या वाक्याने होतं. शेकडा पाचने सावकाराकडून १०,००० उचलले तर महिन्याला ५०० व्याज, वर्षाला ६,०००, आणि मुद्दल जागच्या जागी. गटकर्जात तर आणखी गुंता. दहा बायकांच्या गटात एकीने हप्त्याचे पैसे प्रार्थनासभेत टाकले की आठवड्याच्या वसुलीला ते बाकीच्या नऊजणींनी भरायचे. त्यांतल्या काहीजणी ख्रिस्ती नसतातही. म्हणजे अर्पण एकीचं आणि भुर्दंड शेजारणींना. नंतर गटात पत जाते ती वेगळीच. येशूने विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना फटकारलं आणि लगेच पुढे दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा येते (मार्क १२:४०-४४). मजकुरात फक्त टोल्या येतात. खर्चाचा क्रम साधा ठेवावा: आधी खाण्याचं आणि औषधाचं, मग ठरलेले हप्ते, मग दान, मग हौस. दान हप्त्याच्या मागे गेलं म्हणून कुणी देवाला लुटत नाही. दुसऱ्याचे पैसे देवाच्या नावाने देणं जास्त वाईट.

गरिबी शाप असल्याचं वचन म्हणून २ करिंथ ८:९ देतात: ख्रिस्त आपल्यासाठी दरिद्री झाला, आपण धनवान व्हावं म्हणून. सात वचनं वर मासेदोनियाच्या मंडळ्या आहेत, विश्वासात पक्क्या आणि कमालीच्या दरिद्री. त्यांना कुणी शापित म्हटलं नाही, पौल त्यांचं कौतुक करतो. गलती ३:१३ मधला शाप नियमशास्त्राचा आहे आणि त्या बदल्यात काय मिळतं ते पुढच्याच वचनात लिहिलंय: आत्मा. बँकेतली शिल्लक तिथे नाही. आणि ज्यांची पदं या भागातल्या उपासनांत आजही गातात त्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. गरिबी शाप असती तर त्यांनी तो हाताने ओढवून घेतला म्हणायचं. अर्थात त्याने गरिबी पवित्र ठरत नाही. त्या वैराग्यात संसार कुणी ओढला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना माहीत आहे.

घर-गाडीवाल्या वचनांना फार वेळ द्यायला नको. यिर्मया २९:११ बाबेलच्या बंदिवासात असलेल्यांना लिहिलेलं आहे आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. फिलिप्पै ४:१३ गाडीच्या काचेवर छान दिसतं, पण ते कैदेतून लिहिलं आणि त्याच्या आदल्या वचनात पौल उपाशी राहायला शिकल्याचं सांगतो. ३ योहान २ हा गायसाच्या पत्राचा मायना आहे, त्यात त्याचं क्षेमकुशल इच्छिलंय. उलट टोकालाही जाऊ नये. देव उपभोगासाठी सगळं देतो असं १ तीमथ्य ६:१७ सांगतं, जक्कयाने अर्धंच दिलं आणि येशूने त्याला उरलेल्याबद्दल टोकलं नाही. पंखा, फ्रिज, मुलीचं शिक्षण ही पापं नव्हेत. ती विश्वासाची मोजपट्टी झाली की बिघडतं. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देणाऱ्या मंडळीला त्याबद्दलच बोल लावलाय.

राहिला शेवटचा घाव: मिळालं नाही, म्हणजे विश्वास कमी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी घरात शिरलं तेव्हा दशांशाची पावती पाहून वळलं नाही. मत्तय ५:४५ मध्ये पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो. आजारपणाचंही तेच. पौलाने त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेताला ठेवलं (२ तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दोघांच्या विश्वासाचा पंचनामा केला नाही. विश्वासाने सगळं बरं होत असतं तर डॉ. विल्यम वॉनलेस यांना १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय कशाला काढावं लागलं असतं? ‘विश्वास धरा, गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्याच्या नादाने इन्सुलिन किंवा क्षयाचं औषध मध्येच बंद केलं, तर साखर जिवावर बेतते आणि क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

द्यायचं ठरलं तर कुठे आणि कसं, हेही मजकुरात नसतं. असतो एक क्यूआर कोड. नहेम्याने कोठारावर एकटा माणूस ठेवला नव्हता: याजक शलेम्या, लेखक सादोक, लेवी पदाया आणि हाताखाली हानान (१३:१३). यरुशलेमची मदत नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). तेच इथे करता येतं. उपासना संपताच एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी अर्पण मोजावं, रक्कम आकड्यात आणि अक्षरी वहीत लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि सोमवारी बँकेत भरावी. पावतीवर सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक असावा. महाराष्ट्रात ही नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात होते आणि क्रमांक खरा की खोटा हे तिथे विचारता येतं. वर्षाचा जमाखर्च मंडळीच्या सभेत वाचला जातो का, पाळकांचं मानधन त्यात वेगळं दाखवतात का, हे विचारायला संकोचू नये. क्यूआर कोड स्कॅन केला की रक्कम टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे न्यासाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर परत फिरावं आणि खजिनदाराकडून न्यासाचा खाते क्रमांक मागून घ्यावा.