नकारात्मक माणसांची यादी

शनिवार आहे, धुणं तसंच पडलंय, आणि मी ते सोडून हे लिहायला बसलेय कारण डोकं फिरलंय. लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जावं, राग नाही.

आमच्या पतसंस्थेत आज 'प्रेरणादायी व्याख्यान' होतं. पुण्याहून एक सर आले होते. कानाला माइक, पायात पांढरेशुभ्र बूट, मागे पडद्यावर उगवता सूर्य. मला वाटलं वसुलीबद्दल काहीतरी कामाचं सांगतील. कसलं काय! दोन तास नुसती 'एनर्जी'. शेवटी प्रत्येकाला एकेक कोरा कागद वाटला आणि म्हणाले, तुमच्या आयुष्यातली तीन निगेटिव्ह माणसं आठवा. सतत रडणारी, तक्रारी करणारी, तुमची एनर्जी खाणारी. त्यांची नावं लिहा, कागद फाडा आणि या डब्यात टाका. आजपासून ती माणसं तुमच्या आयुष्यातून वजा.

आणि लोकांनी फाडले हो! हसत हसत, टाळ्यांच्या तालावर फाडले. माझ्या शेजारी बसलेल्या कॅशियरने तर चार नावं लिहिली, तीनच सांगितली असताना.

मी पेन टेकवलं आणि डोळ्यांसमोर पहिल्या आल्या त्या काकू.

जे माझ्याबरोबर एसटीने कराड-पाटण अप-डाउन करतात त्यांना कोण ते सांगायला नको. गाडी फलाटाला लागल्यापासून काकूंचं सुरू होतं. गुडघे, जावई, नळाला न आलेलं पाणी, शाळेतल्या नव्या बाईंनी चहाचे कप विसळायला लावले ते. काकू शाळेत शिपाई आहेत, पण हेडमास्तरांपेक्षा जास्त कटकट त्यांच्या डोक्याला, असं त्यांचंच म्हणणं. १७ मार्च २०२३ ला बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, अख्खी गाडी खूश होती. काकू काय म्हणाल्या? "आता बघ, गर्दी हुतीया का न्हाय. बसायला जागा मिळायची न्हाय." (तसंच झालं, ते सोडा.) २०२५ च्या जानेवारीत भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं तेव्हा तर विजयनगरपासून मल्हारपेठेपर्यंत एकट्याच बोलत होत्या. कंडक्टरने शेवटी घंटी मारून विषय बदलला.

म्हणजे त्या सरांच्या हिशोबाने यादीतलं पहिलं नाव यांचंच. लिहा, फाडा, टाका.

मी कागदावर वाण्याची यादी लिहिली. शाबू अर्धा किलो, शेंगदाणे, धुण्याचा साबण. सर फिरत फिरत माझ्यापाशी आले, कागदाकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाले, "मॅडमच्या आयुष्यात एकही निगेटिव्ह माणूस नाही! लकी आहात मॅडम!" सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून जे डोक्यात गेलंय ते अजून उतरलेलं नाही.

तर आता एक सांगते. हे मी इथे कधी लिहिलेलं नाही. सासरची मंडळी माझ्या इथल्या मित्रयादीत आहेत, ती वाचतील. वाचू देत.

२०१९ ची गोष्ट. मला दिवस गेले होते. घरातून सक्त ताकीद होती की तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुणाजवळ बोलायचं नाही. मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. काकूंनी ओळखलं. कसं, तर मी शेंगा घेईनाशी झाले. आमच्या गाडीत शेंगांची पुडी फिरते, कुणीतरी आणतंच, आणि नको म्हणणारी मी नव्हे. दोन दिवस काकूंनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवसापासून गाडी लागली की बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागल्या. स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी. खिडकीची जागा मला, आणि स्वतः पुढच्या चाकावरच्या सीटवर. त्या सीटवर बसलंय का कधी? गुडघे छातीला लागतात. ज्या गुडघ्यांचं पुराण आम्ही रोज ऐकायचो, तेच गुडघे. आणि त्यावरूनही मला रोज ऐकवायच्या हं! "तुझ्यापायी माझ्या पायाची वाट लागली." एका शब्दाने कुणाला बोलल्या मात्र नाहीत.

असो. पुढे जे झालं ते झालं. जुलैमध्ये, तिसरा महिना भरत आला असताना, गेलं.

आता खरं सांगा, अशा वेळी पॉझिटिव्ह माणसं काय बोलतात? मी सगळं ऐकलंय. "होईल परत, वय आहे अजून." "देवाच्या मनात नसेल." "काहीतरी दोष असेल म्हणूनच निसर्गाने काढून टाकलं, चांगलंच झालं एका अर्थी." चांगलंच झालं! एका आतेबहिणीने तर कमळाच्या फुलाचं चित्र पाठवलं, खाली लिहिलेलं की जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. मी तिला अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

मग ऑगस्टमध्ये महापूर आला. कराडात पाणी, पाटणात पाणी, रस्ते बंद, गाड्या बंद. घरात दिवसभर टीव्हीवर सांगली-कोल्हापूर चाललेलं. आणि मग नवीन सुरू झालं. "बघ, लोकांचे संसार वाहून गेले. आपलं त्या मानाने काय!" यावर बोलणार काय? लोकांचे संसार खरंच वाहून गेले होते. मी गप्प बसले. गप्प बसायची इतकी सवय झाली की भाजीत मीठ नाही हेसुद्धा कुणाला सांगावंसं वाटेना.

पाणी ओसरून गाड्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी गाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी पूर. काकूंची गल्ली नदीकाठची. घरात पाणी शिरलं होतं, चुलीपासून कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत चिखल. आता ज्या बाईचं घर चिखलात आहे तिने माझी चौकशी करावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्या आल्या, माझ्या शेजारच्याला उठवलं, बसल्या, आणि कानाशी येऊन पहिलं काय विचारलं?

"रक्त जातंया का अजून?"

माझ्या आईनेसुद्धा इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी मान हलवली. काकू म्हणाल्या, "वाईट झालं बघ. लई वाईट झालं."

संपलं. 'होईल परत' नाही, 'धीर धर' नाही, 'लोकांकडे बघ' नाही. त्यानंतर लगेच त्यांचं स्वतःचं सुरू झालं. त्यांच्या आईच्या हातच्या दोन वाकळा, म्हणजे गोधड्या, पाण्यात गेल्या होत्या. धुतल्या, पिळल्या, पण ऊनच नाही तर वाळणार कुठून? वास मारतायत. टाकवत नाहीत, घरात ठेववत नाहीत. त्यातल्या एकीला आईच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ होता, त्याचा रंग सगळीकडे उतरलाय. सुपनं गेलं, वसंतगड गेलं, निसरं आलं, काकू वाकळांवरच. आणि मी रडले. चांगली हमसून हमसून रडले. गाडीला वाटलं मी वाकळांसाठी रडतेय. विमावाले दादा पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, ताई, ऊन पडेल हो, वाळतील.

आता हे नाव मी कागदावर लिहू आणि फाडू? तुमच्या डब्यात टाकू?

त्या सरांनी आणखी एक सांगितलं. म्हणे, सोल्यूशन असेल तरच प्रॉब्लेम बोला. ओल्या वाकळीवर सोल्यूशन काय असतं हो? ऊन पडणं. ते काकूंच्या हातात होतं? माझ्या होतं? तरी मल्हारपेठेपर्यंत त्या वाकळा दोघींनी मिळून वाळत घातल्या ना आम्ही!

थांबा, चहा ठेवून येते.

हां. तर काही जण म्हणतील, सगळेच काही काकूंसारखे नसतात. नसतात. आमच्याच गाडीत एक भाऊ आहेत, त्यांचा बांधाचा वाद मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. ते चढले की आम्ही झोपेचं सोंग घेतो. आणि गाडीत बोललेलं पाटण स्टँडला आपल्याआधी पोचतं हेही खरं. माझं रडणंसुद्धा मल्हारपेठच्या एका पाहुणीकरवी सासूबाईंपर्यंत गेलंच, आणि घरात व्हायचा तो तमाशा झाला. मान्य. आणि ज्याला रात्र रात्र झोप नाही, जगावंसं वाटत नाही, त्याने डॉक्टरकडेच जावं, एसटीतल्या काकू त्याला पुरणार नाहीत. हेही मान्य. पण सरांनी डॉक्टरकडे जा असं तरी कुठे सांगितलं? त्यांनी सांगितलं फाडा.

मला सर्वात जास्त राग कशाचा आला सांगू? या लोकांना वाटतं की रोजची कुरकुर वेगळी आणि खरं दुःख वेगळं. कुरकुर करणाऱ्याला लांब ठेवा आणि खरं दुःख आलं की मेणबत्ती घेऊन जवळ या. अरे, पण ज्याची रोजची कुरकुर तुम्ही ऐकलीच नाही, त्याचं काही बिनसलंय हे तुम्हाला कळणार कसं? मी शेंगा खाईना हे काकूंना कळलं, कारण मी रोज शेंगा खाताना आज खवट आहेत, आज भाजल्याच नाहीत, अशी तक्रार करत होते. जिने कधी तक्रारच केली नाही ती गप्प झाली काय, न झाली काय!

आमच्या कोयनाकाठाला हे कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपापासून इथे लोक एकमेकांना एकच विचारत आलेत, "तुला जाणवला का?" बारीक धक्का असतो, फळीवरची चार भांडी वाजतात, काही पडत नाही, पेपरात दोन ओळी येतात. तरी दुसऱ्या दिवशी गाडीत प्रत्येक जण सांगतो की मी कुठे होतो, काय हललं. कुणी म्हणत नाही की जाऊ दे, पॉझिटिव्ह विचार कर, जमीन हललीच नाही.

२०२१ चा जुलै तर तुम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, आमच्या पाटण तालुक्यातली दरडीखाली सापडलेली गावं. आमच्या गाडीतल्या सिस्टर त्या दिवसांत ड्युटीवर होत्या. परत आल्या त्या बोलेनाशाच झाल्या. आम्ही सगळे शहाणे, त्यांना 'स्पेस' देत बसलो होतो. काकू रोज जाऊन शेजारी बसायच्या आणि गुडघ्याला कुठलं तेल लावू म्हणून विचारायच्या. रोज तेच. एके दिवशी सिस्टर इतक्या भडकल्या, म्हणाल्या, "काकू, शंभरदा सांगितलंय, आधी वजन कमी करा!" अख्खी गाडी हसली. सिस्टरही हसल्या. त्या दिवशी थोडं बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही.

मग त्याच वर्षी एसटीचा संप. दिवाळीच्या आधी सुरू झाला तो एप्रिल उजाडेपर्यंत काही सुरळीत होईना. आम्ही सगळे पांगलो, जो तो मिळेल त्या वडापात, म्हणजे कोंबून माणसं भरणाऱ्या खासगी जीपमध्ये. वडापात मान वाकडी करून बसलेल्याला आपल्या मांडीवर कुणाचं कोपर आहे तेही कळत नाही, तिथे कसलं आलंय सुखदुःख! त्या हिवाळ्यात मला माझी किती माणसं गाडीत बसलेली असतात ते समजलं.

आणि फक्त दुःखच नाही हं. चांगली बातमीसुद्धा अशाच माणसाला सांगण्यात मजा आहे. आमची लेक झाली तेव्हा मी गाडीत पेढे वाटले. पॉझिटिव्ह लोक म्हणाले, वा वा, लक्ष्मी आली, अभिनंदन, आणि मोबाइलमध्ये गेले. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीया." मग दोन उचलले, जावयासाठी म्हणून. मग विचारलं, दूध पुरतंय का, रात्री किती उठवते, सासू धरते का जरा वेळ. निसऱ्यापर्यंत माझी उलटतपासणी. मला वाटतं लेक झाल्याचा आनंद मला त्या दिवशी गाडीत झाला, दवाखान्यात नुसता थकवा होता.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. सर बिचारे पोटापाण्याचंच करत असतील, त्यांनाही कुणीतरी हे शिकवलं असेल. त्यांच्या घरी त्यांचे गुडघे दुखले तर ते कुणाला सांगतात कोण जाणे. बायकोला सांगायला गेले आणि तिने कोरा कागद पुढे केला तर? (हसतेय मी, पण खरंच विचार करा.)

काकू पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्याचीही तक्रार आत्तापासून चालू आहे: पेन्शनचे कागद, मुलीचं दुसरं बाळंतपण, आणि दिवसभर घरात बसून जावयाचं तोंड बघायचं. मी म्हटलं, काकू, पाटणला यायचं चालू ठेवा, तिकीट अर्धंच आहे. तर म्हणाल्या, "आणि चढायला कोण देतंय?"

बरं, आता खाली कमेंटमध्ये 'स्ट्राँग राहा' आणि 'खूप छान लिहिलंय ताई' लिहू नका, हात जोडते. ते जुनं झालं, मी बरी आहे. कमळाचं फूल टाकणाऱ्याला ब्लॉक करीन. त्यापेक्षा आज तुमचं काय बिनसलं ते लिहा. कितीही बारीक चालेल. सोल्यूशन नको. मी सुरू करते: गॅस संपलाय, सिलिंडर बुधवारच्या आत येत नाही, शेगडी शेजारी मागायला जायचं तर तिच्याशी पाण्यावरून वाजलंय. आणि मघाचा चहा अर्धाच उकळला.