सोळा जीबीचा ऊस

माझा धंदा न बांधलेल्या घरांचे फोटो काढायचा. आर्किटेक्ट नकाशा देतो. मी भिंती उभ्या करतो, ऊन पाडतो आणि पोर्चमध्ये मालकाला न परवडणारी गाडी लावतो. बेळगावच्या टिळकवाडीत जिन्याखालची एक खोली, एक टेबल आणि आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. एवढ्यावर चार वर्षं बंगले सुखानं निघत होते.

जूनमध्ये चिकोडीकडचे एक बागायतदार मामा आले. चित्र बघून म्हणाले, "घर झकास हाय. पण मागं आमचा ऊस दिसाय पाहिजे की."

"किती?"

"दोन एकर दाखवा. बाकीचा राहू दे."

कॉम्प्युटरला भिंत जड नसते. भिंत म्हणजे सहा बाजू, संपलं. जड असतो तो पाला. प्रत्येक पान बारीक बारीक त्रिकोणांचं असतं आणि ते सगळे त्रिकोण कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावे लागतात. उसाचं एकच बेट साठवून बाकी ठिकाणी त्याची नुसती खूण ठेवायची, अशी एक युक्ती असते. ती केली. मामा म्हणाले, "सगळा ऊस एकाच आईचा वाटतोय." (असतोच. कांडी लावूनच वाढवतात. पण गिऱ्हाईकाला शेती कोण शिकवणार!) मग बारा तऱ्हांची बेटं केली, पानापानाला वेगळा रंग चढवला आणि रेंडर लावला, म्हणजे कॉम्प्युटरला शेवटचं चित्र काढायला बसवलं. पडद्यावर मेमरी संपल्याची पाटी आली आणि प्रोग्रॅम बंद पडला.

नवीन मशीन घ्यायचं ठरलं आणि ही बातमी घराबाहेर कशी गेली कोण जाणे. भाचा म्हणाला, "मामा, गेमिंग लॅपटॉप घे. त्यात 4090 येतंय." 4090 म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं एक बडं मॉडेल. नाव ऐकून भुललो होतो. मग कळलं, डेस्कटॉपच्या 4090 ला चोवीस जीबी मेमरी, लॅपटॉपमधल्या 4090 ला सोळा. नाव तेच, घराणं वेगळं. पुण्याचा मेव्हणा फोनवर म्हणाला, दोन कार्डं टाक, मेमरी दुप्पट. तेही खोटं निघालं. दोन कार्डांवर सगळा ऊस दोनदा लावावा लागतो. आठ आणि आठ मिळून आठच. संसारातही असंच होतं, पण ते मेव्हण्याला कसं सांगणार? पलीकडे त्याची बहीण बसली होती.

कुणीतरी सेकंडहँड 3090 सुचवलं. चोवीस जीबी, निम्म्या किमतीत. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमवायचा धंदा, बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असली कार्डं बाजारात आली. बैल घेताना दात बघतात. कार्डाला दात नसतात, नुसते पंखे. आणि पंखा फुंकर मारून कुणीही साफ करतो.

शेवटी खडेबाजारच्या बाजूला एका दुकानात गेलो. मालक आधी कानडीत, मग मराठीत आणि मी किंमत विचारल्यावर पुन्हा कानडीत गेला. "नोड्री सर, प्रोसेसर सोळा कोअरचा घ्या." मी म्हटलं, माझा रेंडर कार्डावर चालतो, प्रोसेसरवर नाही, आणि मॉडेल बनवताना तर बहुतेक वेळ एकच कोअर राबतो, बाकीचे पंधरा लग्नातल्या काकांसारखे उभे असतात. मालकानं माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. तेवढ्यात मी विचारलं, "हजार व्हीएचा यूपीएस म्हणजे हजार वॅट ना?" आदर गेला. साधारण सहाशे वॅट, म्हणाला. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते ती पाहुण्यासारखी, परत कधी येणार ते सांगत नाही. रात्रीचा रेंडर पहाटे नव्वद टक्क्यांवर गेलेला मी बघितलाय. यूपीएसवर घासाघीस करायला लागलो, तर म्हणाला, "बेकाद्र तगोरी, ब्याडाद्र बिडरी." पाहिजे तर घ्या, नको तर सोडा.

घेतलं. सोळा जीबीचं 4060 टीआय, चौसष्ट जीबी रॅम, मधला प्रोसेसर आणि यूपीएस. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सरकारही माझ्या उसात भागीदार. जुनी हार्ड डिस्क ठेवणार होतो. मालक म्हणाला, मग एवढं मशीन घेऊन टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर फाटक उघडायची वाट बघत थांबायचं म्हणा की. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, तीही घेतली.

खंडेनवमीला आईनं कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. आतले रंगीत दिवे बघून तिला ते गणपतीचं मखर वाटलं असावं. संध्याकाळपर्यंत पुढच्या पंख्यानं अर्धी माळ आत ओढली. त्या रात्री मी चिमट्यानं पाकळ्या वेचत होतो आणि बायको टॉर्च धरून म्हणत होती, "वॉरंटीत झेंडू बसतोय काय, विचारा की."

पण ऊस निघाला. दोन एकर, बारा तऱ्हा, पानापानावर ऊन. मामांना बोलावलं. ते पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला.

"तुरा आलाय की ह्याला. वजन घटतंय."

तुरे काढतो म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "वास्तुशांत माघात हाय. तवर ऊस कारखान्याला गेलेला असतंय. रान मोकळं दाखवा."

मोकळं रान चार मिनिटांत निघालं. त्याच मशीनवर नाही. ते झेंडूमुळं दुकानात होतं. जुन्यावर.