नाळ पुरू नका, गोठवा!

डोहाळजेवणाची फुलं उतरत नाहीत तोच फोन येतो, "ताई, बाळाच्या कॉर्ड ब्लडचं बुकिंग झालं का?" नंबर कुठून मिळाला, हे इंदूरच्या रामबागेतल्या कुठल्याही गरोदर बाईला विचारा. कॉर्ड ब्लड म्हणजे नाळेतलं रक्त. त्यातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) पुढे आजारपणात लागतील, असं सांगून खासगी बँका ते पैसे घेऊन गोठवतात. फोन थांबायचे नाहीत, म्हणून नकार देणं सोडा आणि हे रक्त नीट साठवायला शिका.

आधी ईएमआय ठरवा, बाळाचं नाव बारशाला ठरेल.

रक्त गोळा करायचं किट मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. पेशींना इंदूरचं ऊन सोसत नाही.

पिशवीत किती आलं, हे मात्र चुकूनही विचारू नका. 80 मिली म्हणजे अर्धा कप चहा. लॅबमध्ये त्यातल्या लाल पेशी आणि प्लाझ्मा काढतात, गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून डीएमएसओ हे रसायन घालतात, मिनिटाला साधारण एक अंशाने थंड करत नेतात आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तंत्र उत्तम आहे, गणित कच्चं! प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनाला निदान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. पिशवीत 40 कोटी असल्या तर पुरतील 16 किलोच्या पोराला. म्हणजे विमा बालवाडीपर्यंत आणि हप्ते बाप भरणार! शिवाय बाळाला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर तो दोष त्याच्या या साठवलेल्या पेशींतही असतो. नासलेल्या विरजणाने पुन्हा दही लावायचं? माहितीपत्रकात 1988 च्या पॅरिसमधल्या कॉर्ड ब्लडच्या पहिल्या प्रत्यारोपणाचा डंका असतो. अहो, ते रक्त ज्या मुलाला दिलं, त्याच्या नवजात बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं!

आणि पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने चिमटू नका हो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, निदान एक मिनिट थांबा. त्या मिनिटात बाळाला लोह मिळतं. पुढे कधीतरी लागेल म्हणून आत्ताच त्याच्या तोंडचं काढून घेताय आणि वर पैसेही भरताय? आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2017 मध्येच लिहून ठेवलंय की स्वतःच्या भावी वापरासाठी साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही. थोरल्या मुलाला थॅलेसेमिया असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रक्तविकारतज्ज्ञाला भेटा, सेल्सवाल्याला नव्हे. आणि साठवलंच असेल तर एकूण पेशी, सीडी34 (म्हणजे मूळ पेशींची संख्या), जंतुपरीक्षण आणि पिशवीच्या नळीचा तुकडा वितळवून मोजलेल्या जिवंत पेशी, हे आकडे कागदावर मागा. देत नसतील तर पुढचा हप्ता थांबवा.