एका चांदणीवर उभा असलेला गेम

जुन्या प्लॅटफॉर्म गेम्सचा विषय निघाला की आपल्याकडे मारियो, ॲडव्हेंचर आयलंड, सर्कस चार्ली अशी दोन-चार नावं येतात आणि गप्पा तिथेच थांबतात. ते गेम मलाही मनापासून आवडतात. पण त्याच मशीनसाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनसाठी, १९९२ साली निघालेला एक गेम आहे आणि माझं ठाम मत आहे की पळणं, उडी मारणं, वस्तू फेकणं या तीन साध्या गोष्टींचा इतका खोलवर विचार त्या मशीनवर दुसऱ्या कुणी केला नाही. त्याचं नाव ‘गिमिक!’. उद्गारचिन्ह नावातच आहे.

बनवला सनसॉफ्टने. १९८९ चा ‘बॅटमॅन’ ज्यांनी खेळलाय त्यांना ही जपानी कंपनी माहीत असेल. दिग्दर्शन तोमोमी साकाई यांचं, संगीत मासाशी कागेयामा यांचं. ३१ जानेवारी १९९२ ला तो जपानमध्ये आला. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण याचं नशीब त्या तारखेनेच ठरवलं. सुपर फॅमिकॉम नोव्हेंबर १९९० मध्येच बाजारात आला होता, सोबत ‘सुपर मारियो वर्ल्ड’ घेऊन. सगळ्यांच्या नजरा नव्या मशीनकडे लागल्या होत्या. आणि अशा वेळी साकाईंनी ठरवलं की जुन्या मशीनवरच असा गेम करायचा, जो नव्या मशीनच्या गेम्सशेजारी ताठ उभा राहील. मला या जिद्दीचं फार कौतुक वाटतं. जुन्या मशीनवर झटपट काहीतरी काढून मोकळं होणं तेव्हा सहज शक्य होतं.

गोष्ट लहान मुलांच्या पुस्तकातली वाटावी अशी. एका मुलीला वाढदिवसाला नवी बाहुली मिळते. ती बाहुली म्हणजे खरं तर युमेतारो नावाचा जिवंत, हिरवा, गोलमटोल प्राणी. मुलगी त्याच्यातच रमते, तिची जुनी खेळणी रुसतात आणि तिला दुसऱ्याच जगात घेऊन जातात. युमेतारो तिला सोडवायला निघतो. कथा एवढीच, आणि एवढीच पुरे.

युमेतारोकडे एकच हत्यार आहे: चांदणी. बटण दाबून धरलं की त्याच्या डोक्यावर ती हळूहळू तयार होते, बटण सोडलं की सुटते. मारियोचा आगीचा गोळा एकदा सुटला की आपला त्याच्याशी संबंध संपतो. इथे संबंध तिथून सुरू होतो. चांदणी जमिनीवर टप्पे घेते, उतारावरून घरंगळते, भिंतीला आपटून परत येते. तुम्ही पळता पळता सोडली तर वेगळी जाते, उडी मारून सोडली तर वेगळी. ती विरेपर्यंत दुसरी मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक फेक विचार करूनच करावी लागते. कॅरममध्ये समोरच्या पट्टीवर स्ट्रायकर आपटून आपल्याच बाजूची सोंगटी घ्यायची असते तेव्हा हाताला जो अंदाज लागतो, तोच अंदाज हा गेम मागतो.

आणि मग कळतं की या चांदणीवर उभंही राहता येतं. भिंतीवर फेकायची, ती परत येताना तिच्यावर उडी घ्यायची आणि तिच्यासोबत पुढे जायचं. नुसत्या उडीने जिथे कधीच पोहोचता आलं नसतं, तिथे पोहोचता येतं. हे कुठेही लिहून सांगितलेलं नाही. पडद्यावर बाण नाही, सूचना नाही. तुम्ही चुकून एकदा चांदणीवर उतरता, ती तुम्हाला दोन पावलं वाहून नेते, आणि तोवर भिंत आणि खड्डे एवढंच दिसणारी अख्खी लेव्हल एकदम वेगळी दिसायला लागते. अलीकडच्या महागड्या गेम्समध्ये पहिला अर्धा तास कुणीतरी कानाशी बसून ‘आता हे बटण दाबा’ सांगत असतं. ‘गिमिक!’ खेळणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवतो. मला त्याची ओढ वाटते ती मुख्यतः यामुळे.

शत्रूंच्या बाबतीतही तोच विचार. मारियोच्या सवयीने तुम्ही शत्रूच्या डोक्यावर उडी मारता आणि तो मरत नाही. तुम्ही नुसते त्याच्यावर उभे राहता, आणि तो चालत असेल तर तुम्हालाही घेऊन चालतो. मग त्याला मारायचं की त्याचा वाहन म्हणून उपयोग करायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. उतारावर युमेतारोचा स्वतःचा वेग वाढतो, चढावर कमी होतो. सगळ्या वस्तू एकाच नियमाने वागतात. म्हणून मेल्यावर राग येत नाही, कारण कुठे चुकलं ते दिसलेलं असतं.

आणि मरायला भरपूर होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. युमेतारोचं गोंडस रूप पाहून लहान मुलांचा गेम असेल असं वाटतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हललाच तो समज गळून पडतो. पहिल्या सहा लेव्हल्समध्ये प्रत्येकी एक वस्तू लपवलेली आहे. सहाही वस्तू जमवल्या तरच शेवटची लेव्हल उघडते आणि खरा शेवट दिसतो, आणि मध्ये एकदा जरी कंटिन्यू, म्हणजे सगळे जीव संपल्यावर तिथूनच पुढे खेळायची सोय, वापरलं तर जमवलेल्या वस्तू जातात. कठोर आहे, मान्य. काहींना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. सगळं नीट जमलं तर हा गेम साधारण अर्ध्या तासात संपतो. एवढ्याशा गेमला पुन्हापुन्हा पहिल्यापासून खेळावंसं वाटायला लावायचं असेल, तर अशीच अट हवी. आणि खरी गंमत ही की त्या लपवलेल्या वस्तूंच्या मागे लागल्याशिवाय चांदणीचे अर्धे उपयोग तुम्हाला कळतच नाहीत. नुसतं सरळ शेवटापर्यंत गेलात तर गेमचा वरवरचा भागच पाहिलात.

संगीताबद्दल थांबून बोललंच पाहिजे. फॅमिकॉमच्या आत आवाजाचे पाच चॅनेल होते, म्हणजे एका वेळी पाचच आवाज वाजू शकत. सनसॉफ्टने या कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवली, तिने आणखी तीन चॅनेल दिले. या चिपच्या आवाजाचा उपयोग करणारा हा एकमेव गेम. कागेयामांनी त्या आठ चॅनेलमध्ये जॅझ आणि पॉपच्या अंगाने जाणाऱ्या चाली बसवल्या. हेडफोन लावून पहिल्या लेव्हलची चाल ऐका: खालचा बेस किती भरीव आहे आणि वरची धून किती मोकळी. आठ-बिट संगीत म्हणजे टिणटिण, असं म्हणणाऱ्या कुणालाही मी हीच चाल ऐकवतो.

जपानबाहेर तेव्हा तो पोहोचला फक्त स्कँडिनेव्हियात. तिथल्या बर्गसाला कंपनीने १९९३ मध्ये ‘मिस्टर गिमिक’ नावाने काढला. अमेरिकेत आलाच नाही. आणि स्कँडिनेव्हियाच्या मुलांनाही ते संगीत पूर्ण ऐकायला मिळालं नाही, कारण परदेशी मशीनमध्ये कॅसेटमधल्या जादा आवाजाला वाटच ठेवलेली नव्हती. तीन चॅनेल गप्प झाले. गोल, गोंडस नायकाचं श्रेयसुद्धा लोकांच्या डोक्यात निन्टेन्डोच्या कर्बी या गोल नायकाच्या नावावर आहे, आणि कर्बीचा पहिला गेम आला एप्रिल १९९२ मध्ये. कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाही. पण युमेतारो तीन महिने आधी आला होता, एवढं तरी लोकांना माहीत असावं.

आपल्याकडे फॅमिकॉम आला तो नकली मशीन्सच्या रूपात, एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेट्ससोबत. त्या कॅसेट्समध्ये भरणा असायचा तो सुरुवातीच्या काळातल्या छोट्या गेम्सचा. मूळ मारियो अवघा ४० किलोबाइटचा, असे गेम एका कॅसेटमध्ये डझनावारी मावतात. मोठा आणि वर खास चिप मागणारा गेम त्यात कोण कोंबणार? त्यामुळे फॅमिकॉमवर वाढलेली आपली एक अख्खी पिढी त्या मशीनची सुरुवात मनापासून ओळखते. त्याच मशीनवर पुढच्या सात-आठ वर्षांत लोकांनी काय काय करून दाखवलं, ते मात्र आपल्यातल्या बहुतेकांपर्यंत आलंच नाही. म्हणूनच ‘गिमिक!’ आपल्या लोकांनी खेळावा असं मला इतकं वाटतं. तुम्हाला तो अनोळखी वाटणार नाही. त्याचे रंग, त्याचे आवाज, त्याच्या उडीची लय तुमच्या हातांना आधीच माहीत आहे.

आता मिळवणं सोपं आहे. २०२३ मध्ये ‘गिमिक! स्पेशल एडिशन’ आली, स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आणि हल्लीच्या कन्सोलवर. २०२४ मध्ये ‘गिमिक! २’ सुद्धा आला. तो नंतर खेळा, आधी मूळ गेम. स्पेशल एडिशनमध्ये रिवाइंडची, म्हणजे चुकलं की खेळ थोडा मागे नेण्याची, सोय आहे. माझी कळकळीची विनंती, निदान पहिल्या दोन लेव्हल्स तिला हात लावू नका. रिवाइंड केलं की खड्डा ओलांडला जातो, पण चांदणी कशी फिरते हे हाताला कळायचं राहून जातं, आणि पुढच्या लेव्हल्स त्याच कळण्यावर रचलेल्या आहेत. पहिल्या लेव्हलमध्ये पुढे जायची घाई करू नका. एखाद्या भिंतीसमोर उभे राहा, चांदणी फेका, परत येताना तिच्यावर चढायचा प्रयत्न करा. जमेपर्यंत तिथेच राहा.

आणि तुमच्यापैकी कुणी कंटिन्यू न वापरता सहाही वस्तू जमवल्या असतील, तर कोणत्या लेव्हलने सगळ्यात जास्त छळलं ते खाली जरूर लिहा. मला वाचायचंय.